प्रकाशतंतूंतील सॉलिटॉनांची परस्परक्रिया : कण-रूपकाच्या मर्यादा

प्रकाशतंतूतील सॉलिटॉनांविषयीच्या परिचयपर लेखनात एक विधान हमखास आढळते : दोन सॉलिटॉन एकमेकांतून पार होतात आणि आपले रूप कायम राखतात. विधान चूक नाही. परंतु ते जेथे थांबते तेथूनच दूरसंचाराचा खरा प्रश्न सुरू होतो.

1834 मध्ये जॉन स्कॉट रसेल यांनी एडिनबरोनजीकच्या कालव्यात न विखुरणारी एकाकी लाट पाहिली. 1965 मध्ये झाबुस्की व क्रुस्कल यांनी अशा लाटांना ‘सॉलिटॉन’ हे नाव दिले, तेही इलेक्ट्रॉन, प्रोटॉन या कणनामांच्या धर्तीवर. येथेच रूपक सिद्धान्तावर स्वार झाले. चेंडूसारख्या कणाच्या कल्पनेत कलेला स्थान नाही. प्रकाशस्पंदाला मात्र कला असते.

हासेगावा व टॅपर्ट यांनी 1973 मध्ये तंतूतील सॉलिटॉन सुचविला. अपस्करणामुळे पसरू पाहणारा स्पंद येथे तीव्रतेनुसार बदलणाऱ्या अपवर्तनांकामुळे आवरला जातो. 1980 मध्ये बेल प्रयोगशाळेत तो प्रत्यक्ष आढळला. पुढे 1983 मध्ये गॉर्डन यांनी दाखविले की, शेजारचे दोन समान स्पंद एकाच कलेत असल्यास परस्परांना ओढतात, विरुद्ध कलेत असल्यास दूर ढकलतात; स्पंदांतील अंतर वाढताच हे बल घातांकी रीतीने क्षीण होते. मिट्श्के व मोलेनॉअर यांच्या 1987 च्या प्रयोगात आकर्षण व प्रतिकर्षण दोन्ही दिसले.

या निष्कर्षाचे महत्त्व पाठ्यपुस्तकी मांडणीत क्वचितच उमटते. संदेशवहनात स्पंदाचे असणे वा नसणे जितके महत्त्वाचे, तितकीच त्याची नेमकी वेळही. स्पंदाचे रूप शाबूत राहूनही तो नियत जागेवरून ढळला, तर बिट चुकीचा वाचला जातो. ‘रूप कायम राहते’ या गौरवाखाली हीच बाब झाकली जाते. स्पंदांमध्ये रुंदीच्या कित्येक पट अंतर ठेवणे हा सरळ उपाय, पण त्याची किंमत वेगात मोजावी लागते. लगतच्या स्पंदांची उंची किंचित वेगळी ठेवणे वा त्यांतील कलांतर नियंत्रित करणे हे उपाय अधिक सूक्ष्म आहेत. त्यातच प्रवर्धकांच्या गोंगाटाने स्पंदांच्या येण्याच्या वेळा डळमळतात (गॉर्डन व हाउस, 1986). त्यासाठी मार्गावर गाळण्या बसवाव्या लागतात.

परस्परक्रियेला केवळ उपद्रव मानणेही एकांगीच. अपस्करण आलटून-पालटून बदलणाऱ्या तंतूत दोन स्पंद ठरावीक अंतरावर एकमेकांना बांधून राहू शकतात. अशा ‘सॉलिटॉन-रेणूं’चा प्रायोगिक पुरावा मिट्श्के व सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दिला.