लक्ष्यनिर्धारित सार्वजनिक वितरण व्यवस्था : काटकसरीच्या धोरणाची चिकित्सा

१९९१ च्या आर्थिक संकटानंतर वित्तीय तूट कमी करणे हे केंद्र सरकारच्या धोरणाचे प्रमुख सूत्र बनले आणि अन्न अनुदानाकडे ‘बोजा’ म्हणून पाहण्याची दृष्टी रूढ झाली. जून १९९७ मध्ये सार्वत्रिक रेशनव्यवस्थेच्या जागी लक्ष्यनिर्धारित सार्वजनिक वितरण व्यवस्था आली, ती या दृष्टीचीच परिणती होय. खऱ्या गरजूला अधिक मिळावे म्हणून इतरांना वगळावे, असे तिचे समर्थन केले गेले. सार्वत्रिक व्यवस्था निर्दोष होती असे नव्हे. बिहार, उत्तर प्रदेशात तिचा लाभ अत्यल्प होता आणि धान्याला काळ्या बाजाराची वाट सर्वत्रच ठाऊक होती. तथापि नव्या व्यवस्थेची परीक्षा तिच्याच निकषावर, म्हणजे खर्चाच्या बचतीवर, केली तरी ती अनुत्तीर्ण ठरते.

२०००-०१ च्या अर्थसंकल्पाने दारिद्र्यरेषेवरील कुटुंबांसाठी धान्याचा दर खरेदी, वाहतूक व साठवण यांच्या संपूर्ण खर्चाइतका केला. साहजिकच रेशनचे धान्य आणि बाजारातील धान्य यांच्या दरांत फारसे अंतर उरले नाही व उचल घसरली. सरकारी खरेदी मात्र चालूच होती. जुलै २००२ मध्ये गोदामांत सुमारे ६ कोटी ३० लाख टन धान्य साचले. राखीव साठ्याचे प्रमाण होते २ कोटी ४३ लाख टन. हा साठा सांभाळण्याचा खर्चही अन्न अनुदानातच मोजला जातो. परिणामी १९९८-९९ ते २००२-०३ या काळात अनुदान दुपटीहून अधिक वाढले. त्याच सुमारास, २००१ मध्ये, भरलेली गोदामे आणि उपाशी माणसे यांचा प्रश्न घेऊन पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. सरकार मात्र निर्यातदारांना सवलतीच्या दराने धान्य देत होते.

महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका आल्या. पिवळ्या शिधापत्रिकेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे ४१ रुपये, होती. शिवाय घरात दूरध्वनी नसावा, अशीही एक अट होती. (दूरध्वनी श्रीमंतीचे लक्षण मानणारा हा निकष काही वर्षांतच हास्यास्पद ठरला.) बांधकाम मजुराने, घरकाम करणाऱ्या स्त्रीने वा ऊसतोड कामगाराने आपले अनिश्चित उत्पन्न सिद्ध करावे तरी कसे, याचे उत्तर दाखला देणाऱ्या कार्यालयाच्या मर्जीवर सोपवले गेले. मधुरा स्वामिनाथन यांनी ‘वीकनिंग वेल्फेअर’ (२०००) या ग्रंथात गरजू वगळला जाण्याची चूक आणि अपात्र समाविष्ट होण्याची चूक यांत भेद केला आहे. काटकसरीच्या धोरणाला दुसरीच चूक दिसते, कारण हिशेबाच्या वहीत तिचीच नोंद होते. वगळलेल्याची उपासमार कोणत्याही खात्यात खर्ची पडत नाही.

याहून गंभीर परिणाम सामाजिक स्वरूपाचा आहे. एकाच रांगेत उभा राहणारा शिक्षक, कारकून आणि गिरणी कामगार निकृष्ट धान्याबद्दल दुकानदाराला जाब विचारू शकत असे. रंगांच्या विभागणीने बोलका वर्ग रांगेतून बाहेर पडला आणि रास्त भाव दुकान केवळ दुर्बलांचे उरले. सार्वत्रिक व्यवस्था टिकविणाऱ्या तमिळनाडूत अशी विभागणी झाली नाही, ही बाब धोरणकर्त्यांनी पुरेशी विचारात घेतलेली दिसत नाही.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ व शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला हक्क दिला, ही मोठीच सुधारणा होय. परंतु संख्येची कमाल मर्यादा २०११ च्या जनगणनेवर बांधली गेली आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांच्या मर्यादेबाहेर केशरी शिधापत्रिकाधारक शेतकरी राहिले. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांत त्यांना स्वस्त धान्य मिळत असे. २०२२ मध्ये केंद्राकडून ते धान्य मिळेनासे झाले आणि २०२३ पासून राज्याने त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये बँक खात्यात देण्याचे ठरविले. पूर्वी ५ किलो धान्य मिळे, त्या हिशेबाने हे किलोला ३० रुपये होतात. बाजारभाव चढला तर फरक शेतकऱ्याने सोसावयाचा.