प्रसिद्धी आणि प्रसार : ग्रंथप्रकाशन-समारंभाचा एक विचार

१

मराठीत ‘प्रकाशन’ हा शब्द दोन निरनिराळ्या क्रियांसाठी वापरला जातो. हस्तलिखित स्वीकारणे, ते छापणे, बांधणे आणि विक्रीस ठेवणे या साऱ्या व्यवहारास आपण प्रकाशन म्हणतो. आणि पाहुण्यांनी व्यासपीठावर रंगीत कागदाचे वेष्टन सोडून पुस्तक सभेसमोर उंच धरले म्हणजे त्यासही प्रकाशनच म्हणतो. कायद्याला यांपैकी पहिलाच अर्थ ठाऊक आहे. १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास पाठवावयाची असते. वेष्टन कोणी सोडले याच्याशी त्या कायद्यास कर्तव्य नाही. लोकव्यवहारात मात्र दुसऱ्या अर्थाने पहिल्यावर मात केलेली दिसते. सहा महिने दुकानात विकल्या जात असलेल्या पुस्तकाचेही ‘प्रकाशन व्हावयाचे आहे’ असे आपण निःशंकपणे म्हणतो.

या दुसऱ्या अर्थाच्या प्रकाशनाभोवती आता एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला आहे. प्रकाशनसंस्थेत नोकरी न करता लेखकाशी किंवा प्रकाशकाशी परभारे करार करून पुस्तकाचा बोलबाला करणारा, अभिप्रायार्थ प्रती पाठविणारा, सभागृह ठरविणारा, पाहुण्यांची तारीख मिळविणारा आणि निमंत्रणपत्रिकेपासून अल्पोपाहारापर्यंत सारे पाहणारा हा गृहस्थ आहे. त्यास सोयीसाठी ‘ग्रंथप्रसिद्धिकार’ म्हणू. त्याची थट्टा करणे सोपे आहे. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. लेखनकृती आणि वाचक यांच्यामध्ये उभा राहणारा हा मध्यस्थ वाङ्मयाचे कोणते काम करतो, आणि त्याच्या कामाची कसोटी कोणती?

ही कसोटी बाहेरून आणण्याची आवश्यकता नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागात, बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत, ती आपल्याच परंपरेत उपलब्ध आहे.

२

मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) यांचा जन्म पन्हाळ्याचा. परंतु त्यांची कविता वाढली ती कऱ्हाकाठी बारामतीस, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने. नाईकांच्या वाड्यात ते पुराण सांगत. त्यांची एकंदर रचना ७५,००० कवितांच्या घरात मोजली जाते आणि १०८ रामायणे त्यांच्या नावावर सांगितली जातात. एवढे लिहिणाऱ्या या कवीच्या हयातीत मराठी छापखाना नव्हता. वाडा एका आश्रयदात्याचा, गाव आडबाजूचे, भाषा संस्कृतप्रचुर आणि समासांनी लादलेली. असे असता हे काव्य महाराष्ट्रभर पसरले कसे?

ते कीर्तनकारांनी पसरविले. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात एखादे पद घेऊन निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान लागते. या आख्यानासाठी कीर्तनकाराने वामनपंडितांचे श्लोक घेतले, मुक्तेश्वरांच्या ओव्या घेतल्या. आणि त्यांच्या जोडीला ‘आर्याभारता’तल्या आर्या आल्या. मोरोपंतांची आर्या कानाला ठसकेबाज लागते, तिच्यात संवाद असतो, यमक शेवटी टाळी घ्यावयास उभे असते. वाचताना जी रचना अवघड वाटते ती प्रसंगाच्या जागी, चालीवर, दोनदा म्हटली असता कळते, आणि कळल्याचा आनंद श्रोत्याला अधिक होतो. सोलापूरचे रामजोशी हे लावणीकार म्हणून प्रसिद्ध. परंतु मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकप्रिय करण्याचे मोठे श्रेयही त्यांच्याकडेच जाते. या दोघांच्या भेटीची कथा परंपरा आवडीने सांगते. तिच्यातील तपशील बाजूस ठेवला तरी तिचा आशय महत्त्वाचा आहे : पंडित कवीला लोकांच्या कानापर्यंत पोहोचविण्यास फडावरचा कलावंत लागला.

एकोणिसाव्या शतकात कीर्तनकाराच्या जोडीला छापखाना आला. परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्या ‘नवनीता’ने (१८५४) मोरोपंतांचे वेचे शाळेत नेले. दादोबा पांडुरंग यांनी ‘केकावली’वर ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका लिहिली (१८६५). विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून मोरोपंतांची बाजू हिरीरीने मांडली, आणि १९०८ साली ल. रा. पांगारकरांनी त्यांचे चरित्र व काव्यविवेचन प्रसिद्ध केले. वेचे निवडणारा, अर्थ उलगडणारा, आक्षेपांना उत्तर देणारा आणि चरित्र सांगणारा असे हे चार निरनिराळे मध्यस्थ होत. आजचा ग्रंथप्रसिद्धिकार जी कामे अंगावर घेतो ती बहुतेक यांत आली आहेत. भेद एवढाच की यांपैकी कोणासही कवीने नेमले नव्हते.

३

हा भेद वरवरचा नाही. कीर्तनकाराच्या अर्थव्यवहाराकडे पाहिले म्हणजे त्याचे महत्त्व ध्यानात येते. त्याची बिदागी यजमान किंवा देवस्थान देई, आणि आरतीच्या तबकात श्रोते ओवाळणी टाकीत. कवीकडून त्याला काही मिळत नसे. त्यामुळे कोणती आर्या घ्यावी आणि कोणती गाळावी, हे कवीच्या मर्जीवर अवलंबून नव्हते. जी आर्या श्रोत्यांपुढे उभी राहिली नाही ती दुसऱ्या रात्री गळाली. निवड ही टीकेची पहिली पायरी होय, असे मानले तर कीर्तनकार हा टीकाकारही होता, आणि त्याचे स्वातंत्र्य त्याच्या उत्पन्नाच्या मार्गाने राखले गेले होते.

कीर्तनकाराचे हे चित्र निर्दोष आहे असे मात्र मानता येणार नाही. कीर्तनाने जो मोरोपंत लोकप्रिय केला तो आख्यानातला, नाट्यमय प्रसंगांचा मोरोपंत. ओष्ठ्य वर्ण टाळून रचलेले निरोष्ठ रामायण व तत्सम रचनाप्रयोग पंडितांच्या कुतूहलापुरते उरले. रंजनाच्या सोयीने काव्याची काटछाट झाली. हा दोष केवळ आपल्याकडचा नव्हे. चार्ल्स डिकन्स १८५८ पासून पैसे घेऊन आपल्या कादंबऱ्यांचे जाहीर वाचन करू लागला, तेव्हा त्यानेही त्यांतील निवडक प्रसंगांच्या संक्षिप्त संहिता तयार केल्या. जेथे श्रोता समोर बसतो तेथे संक्षेप अटळ असतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे : वाड्यातल्या किंवा देवळातल्या कीर्तनात कोणास बसता येई आणि कोणास येत नसे, हे जातीने ठरत होते. मोरोपंतांचा प्रसार जेवढा विस्तृत तेवढाच तो एका मर्यादेत कोंडलेलाही होता.

या मर्यादेबाहेरचा मार्ग याच भूप्रदेशातून जातो. तुकोबांच्या पालखीचा सोहळा नारायणमहाराजांनी १६८५ साली सुरू केला. देहूहून पंढरपुरास जाताना ही पालखी बारामतीस मुक्काम करते आणि पुढे सणसर, निमगाव केतकी या वाटेने इंदापुरास येते. येथे अभंग दिंडीबरोबर चालत येतो आणि ऐकणाराच म्हणणारा होतो. वारकरी कीर्तनाची रीतही नारदीय कीर्तनाहून भिन्न आहे. वारकरी कीर्तनकार एक अभंग घेतो आणि शेवटपर्यंत त्याला सोडत नाही. दृष्टांत कितीही दूर गेला तरी त्याला त्याच चरणावर परत यावे लागते. कीर्तनाचा मोबदला घेऊ नये हा त्या संप्रदायातील आदर्श. आजच्या व्यवहारात तो सर्वत्र पाळला जातो असे म्हणता येत नाही, ही गोष्ट वेगळी. १८६९ साली मुंबई सरकारच्या २४,००० रुपयांच्या साहाय्याने गाथेची इंदुप्रकाश प्रत छापू लागली, तेव्हा तिचे वाचक तयार करावे लागले नाहीत. ते आधीच पावणेदोनशे वर्षे चालत होते.

तात्पर्य, बारामती-इंदापूरच्या परंपरेतून तीन कसोट्या हाती येतात. समारंभात मूळ शब्द ऐकू येतो काय? मध्यस्थाची निवड लेखकापासून स्वतंत्र आहे काय? आणि समारंभ संपल्यावर ते शब्द श्रोत्याबरोबर घरी जातात काय?

४

या कसोट्या लावून आजचा तालुक्याच्या गावचा प्रकाशनसमारंभ पाहावा. दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन होते. स्वागतगीत, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ यांत पाऊण तास जातो. व्यासपीठावर सहकार, शिक्षण आणि राजकारण या क्षेत्रांतील मान्यवर अग्रभागी असतात. वेष्टन सुटते, पुस्तके छातीशी धरली जातात, छायाचित्र होते. त्यानंतर लेखकाच्या कष्टांविषयी, त्याच्या आईवडिलांविषयी आणि वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाविषयी भाषणे होतात. पुस्तकावर बोलण्यासाठी ज्या भाष्यकारास बोलाविलेले असते त्याची पाळी येते तेव्हा सभा उठू लागलेली असते, आणि आयोजक त्याला ‘दहा मिनिटांत आटोपा’ अशी चिठ्ठी पाठवितो. पुस्तकातील एक परिच्छेदही कोणी मोठ्याने वाचत नाही.

हे दोष आयोजकाच्या अरसिकतेमुळे होतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांचे कारण अर्थव्यवहारात आहे. कवितासंग्रहाची पाचशे प्रतींची आवृत्ती निघते आणि तिचा खर्च पुष्कळदा लेखकच सोसतो. प्रकाशकाचा भर ग्रंथालयांच्या खरेदीवर असतो. त्याला ग्राहक हवा असतो, वाचक मिळाला नाही तरी त्याचे अडत नाही. महाविद्यालयीन अध्यापकांच्या बाबतीत २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांपासून ग्रंथलेखनास गुण मिळू लागले, आणि पुस्तक निघाले ही नोंद पुस्तक वाचले गेले या घटनेहून मोलाची ठरली. अशा स्थितीत प्रसिद्धिकाराला पैसे देणारा लेखक त्याच्याकडून काय विकत घेतो? तो एक संध्याकाळ विकत घेतो. त्या संध्याकाळी त्याचे लेखकपण गावाने मान्य करावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. ही अपेक्षा हास्यास्पद नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पुस्तक लिहिले त्या घराला असा एक दिवस मिळावा, यात गैर काहीच नाही. परंतु त्यास ग्रंथप्रसार म्हणू नये. प्रसिद्धी लेखकाची होते. प्रसार कृतीचा होतो. या दोहोंची गल्लत हेच आजच्या समारंभाचे मर्म आहे.

या गल्लतीत आपण अध्यापक निव्वळ प्रेक्षक नाही. भाष्यकार बहुधा आपल्यातूनच निवडला जातो. प्रस्तुत लेखकाने स्वतः एका समारंभात पुस्तकाची प्रस्तावना आणि अनुक्रमणिका एवढ्याच बळावर वीस मिनिटे भाषण केले आहे, आणि पुढे तेच भाषण त्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘अभिप्राय’ म्हणून छापलेले पाहिले आहे. त्यात एकही विधान असत्य नव्हते. एकही विधान त्या पुस्तकाविषयी नव्हते. विद्यार्थ्यांच्या प्रबंधात तो अभिप्राय आधार म्हणून आला तेव्हा या चुकीची किंमत कळली. समारंभातील शिष्टाचाराची वाक्ये अशा रीतीने टीकावाङ्मयात मिसळतात आणि पुढच्या अभ्यासकास दिशाभूल करणारा पुरावा पुरवितात.

५

मराठीच्या अर्वाचीन इतिहासात याच्या उलट दाखले आहेत. १९३३ साली ह. वि. मोटे यांनी विभावरी शिरूरकर यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. लेखिका टोपणनावामागे होती. तिला व्यासपीठावर बसविणे शक्य नव्हते, शाल देणे शक्य नव्हते. तरीही, किंबहुना म्हणूनच, महाराष्ट्र त्या पुस्तकाविषयी बोलत राहिला. या बाई कोण हे कुतूहल त्यात होतेच; पण वाद पेटला तो अविवाहित शिक्षित स्त्रियांच्या मनाविषयी त्या कथांनी जे सांगितले त्यावरून. सत्कारास लेखिकाच समोर नसल्यामुळे लोकांना पुस्तकाशीच भांडावे लागले.

दुसरा दाखला ‘ग्रंथाली’चा. १९७० नंतरच्या दशकात उभ्या राहिलेल्या या संस्थेने स्वतःस वाचक चळवळ म्हणविले आणि सभासद-वाचकांच्या बळावर पुस्तके काढली. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि नीरेपलीकडच्या फलटण परिसरातून आलेल्या लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) ही पुस्तके तिनेच प्रसिद्ध केली. कीर्तनाच्या बैठकीत ज्यांना जागा नव्हती त्यांचे जगणे येथे ग्रंथरूपाने वाचकापुढे आले. या पुस्तकांच्या प्रसाराचा भार आगाऊ नोंदणी करणाऱ्या वाचकाने उचलला. ओवाळणीच्या तबकाचे हे अर्वाचीन रूप मानावयास हरकत नाही : पैसा वाचकाकडून येतो, म्हणून मध्यस्थ वाचकास जबाबदार राहतो.

६

तेव्हा स्वतंत्र ग्रंथप्रसिद्धिकार नको, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. तो हवा आहे. परंतु त्याच्या नावातील ‘स्वतंत्र’ या विशेषणाचा अर्थ तपासून घ्यावयास हवा. प्रकाशनसंस्थेचा नोकर नसणे एवढ्याने स्वातंत्र्य येत नाही. न आवडलेले पुस्तक नाकारणे, आवडलेल्या पुस्तकातील नेमके कोणते पान सभेपुढे वाचावे हे स्वतः ठरविणे, आणि भाष्यकाराची निवड लेखकाच्या हाती न ठेवणे, या तीन गोष्टी ज्याला करता येतात तोच स्वतंत्र.

व्यवहारात काही साध्या गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. समारंभातील पहिला अर्धा तास वाचनाला द्यावा, आणि वाचणारा लेखकाहून वेगळा, तयार वाचक असावा. भाष्यकाराचे मानधन लेखकाने न देता यजमान ग्रंथालयाने किंवा महाविद्यालयाने द्यावे. समारंभानंतर तीन महिन्यांनी, ज्यांनी पुस्तक वाचले आहे त्यांचीच एक लहान बैठक त्याच गावी घ्यावी. तिला पाहुणे नकोत, पुष्पगुच्छ नकोत. पंधरा माणसे जमली तरी ती पंधरा माणसे म्हणजे त्या पुस्तकाचे खरे प्रकाशन होय. आणि आपण अध्यापकांनी एवढे पथ्य पाळावे की न वाचलेल्या पुस्तकावर बोलू नये, आणि समारंभातील भाषण टीकालेख म्हणून छापू देऊ नये.

बारामतीत मोरोपंतांचे नाव अभिमानाने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या गावात यापुढे एखाद्या नव्या कवीच्या पुस्तकाचे वेष्टन सुटेल, तेव्हा मोरोपंतांच्या आर्या घरोघर नेणाऱ्या कीर्तनकारांचेही स्मरण व्हावे. त्यांची नावे बहुतेक विसरली गेली. ज्या आर्या त्यांनी श्रोत्यांच्या तोंडी बसविल्या, त्या अद्याप टिकून आहेत.