‘ट्यूनिंग’ या संज्ञेचे दोन अर्थ : बास गिटार आणि तंबोरा

एकाच संज्ञेखाली दोन भिन्न क्रिया येऊ लागल्या म्हणजे परिभाषेची फेरतपासणी अगत्याची ठरते. बास गिटारच्या संदर्भात रूढ झालेला ‘ट्यूनिंग’ हा शब्द याचे उदाहरण होय. मुलुंडसारख्या उपनगरात गायन आणि गिटार ही दोन्ही शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा या शब्दाने गोंधळ होणे अगदी संभवनीय आहे.

चार तारांच्या बास गिटारची प्रचलित मांडणी खालून वर ई, ए, डी, जी अशी असून लगतच्या तारांत सर्वत्र षड्ज-मध्यमाचे अंतर असते. ‘ड्रॉप डी’ पद्धतीत केवळ ई ही सर्वांत जाड तार डीपर्यंत उतरवितात. त्यामुळे ती आणि तिच्या शेजारची तार यांतील अंतर पंचमाचे होते, आणि त्या तारेवर तिसऱ्या पडद्याशी मिळणारा जी पाचव्या पडद्याशी शोधावा लागतो. याउलट बी, ई, ए, डी या मांडणीत संपूर्ण वाद्य खाली जाते, परंतु तारांमधील अंतरे कायम राहतात. पहिल्या प्रकारात नाते बदलते, दुसऱ्यात केवळ उंची. तथापि दोहोंस ‘पर्यायी ट्यूनिंग’ असेच म्हटले जाते.

तंबोऱ्याच्या व्यवहारात मराठीने हा भेद राखला आहे. गळ्याच्या सोयीने षड्ज चढविणे वा उतरविणे म्हणजे ‘पट्टी बदलणे’. मालकंसात पंचम वर्ज्य असल्याने पहिली तार पंचमावरून मध्यमावर आणणे म्हणजे ‘मध्यम लावणे’. जोड आणि खर्ज जागच्या जागी राहतात. मारव्यात पंचम वर्ज्य व मध्यम तीव्र, म्हणून तेथे निषाद लावण्याचा प्रघात आहे. मिरजेच्या कारागिराने जवारी कितीही सुरेख काढलेली असो, तार दुसऱ्या स्वरावर नेली की जवारीचा दोरा पुन्हा सारून पाहावा लागतो.

येथे एक आक्षेप संभवतो. तंबोऱ्याचा षड्ज गायनभर अचल असतो. बासचा आधारस्वर मात्र स्वरसंघातागणिक पालटतो. म्हणून बासच्या तारांना निरपेक्ष स्वरनामे देणे योग्यच होय. परंतु हा आक्षेप तारांच्या नावांपुरता खरा आहे. क्रियेच्या नावास तो लागू पडत नाही.

बी, ई, ए, डी या मांडणीस ‘उतरती पट्टी’ आणि ‘ड्रॉप डी’स ‘अंतरबदल’ म्हटले, तर बोटांची ठेवण केव्हा नव्याने शिकावयाची हे विद्यार्थ्यास नावावरूनच कळेल. ‘पट्टी’ ही संज्ञाही पेटी या परक्या वाद्याबरोबरच रुळली. वाद्य परके असले म्हणून त्याविषयीचा विचार परक्या शब्दातच केला पाहिजे असे नाही.