पुनर्मुद्रित ताम्रनाणी व त्यांचा काळ

मुंबई इलाख्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ व १७९४ साली पाडविलेली तांब्याची नाणी मुंबईची नव्हेत. ती बर्मिंगहॅमनजीकच्या मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीतील होत. सोहोचे साहित्य १८५० साली लिलावात निघाले, अनेक ठसे डब्ल्यू. जे. टेलरच्या हाती गेले आणि त्याने त्यांवरून संग्राहकांसाठी चकचकीत 'प्रूफ' पाडले. पुढे कलकत्ता व मुंबई येथील सरकारी टांकसाळींनीही सुमारे १९७० पर्यंत ब्रिटिशकालीन नाण्यांची अशीच पुनर्मुद्रिते पुरविली.

घाटकोपर वा मुलुंडच्या एखाद्या संग्राहकाच्या पेटीत असे नाणे आले, की त्यावरील सालच त्याचा काळ मानला जातो. ही समजूत टिकणारी नाही. नाणे दुर्मिळ असेल. त्याने बाजार मात्र कधीच पाहिलेला नसतो. त्यावरून चलनाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या हाती वास्तविक संग्राहकांच्या हौसेचाच पुरावा लागतो. अमेरिकेतील १८०४ च्या पुनर्मुद्रित सेंटमध्ये तर १८०३ चा ठसा दुरुस्त करून त्यास १८२० च्या सेंटची मागील बाजू जोडली आहे! तेथे निदान विसंगती उघड दिसते. मूळ जोडीच वापरली असेल तेथे वजन, कडा आणि गंजल्या ठशाने उमटविलेले बारीक उंचवटे तपासावे लागतात. आणि संग्रहालयाच्या चिठ्ठीवर ठशाचे व मुद्रणाचे अशी दोन्ही साले असावी लागतात.