वरच्याने दिलेली मुभा

अपाचे सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिग फाइलीत ओळी ढीगभर असतात. रसिकाने मुद्दाम थांबावं अशी माझ्या लेखी एकच, 'अलाउओव्हरराइड'ची. पुढे एखादाच शब्द येतो: 'नन', 'ऑल' किंवा मधलं काही. खालच्या फोल्डरांनी किती बोलायचं, हे त्या शब्दावर ठरतं.

आधी खालचा मजकूर वाचू. फोल्डरात 'एचटीअ‍ॅक्सेस' नावाची फाइल ठेवतात. नावाआधी टिंब असल्याने साध्या यादीत ती दिसतही नाही. समजा, एका साइटवर 'महाड' फोल्डर आहे आणि त्याच्या पोटात 'सव', सावित्रीकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांच्या फोटोंचा. महाडच्या फाइलीत एवढंच आहे: 'रिक्वायर ऑल डिनाइड', म्हणजे कुणालाच प्रवेश नाही. सवच्या फाइलीत: 'रिक्वायर ऑल ग्रँटेड'. झालं! महाड बंद, आणि त्याच्या पोटातलं सव सताड उघडं. सर्व्हर वरून खाली वाचत येतो. एरवी तो या दोन ओळींची बेरीज करत नाही, तडजोडही काढत नाही. आतली ओळ बाहेरचीला पुसते. त्यासाठी रीस्टार्टही लागत नाही. फाइल सेव्ह केली की पुढच्या मागणीपासून अंमल सुरू.

पण आतल्याला ही सत्ता वरूनच मिळालेली असते. वर 'नन' लिहिलं असेल तर खालच्या फाइली सर्व्हर उघडूनही बघत नाही. नकार कळवण्याइतकीही दखल नाही! 'ऑथकॉन्फिग' लिहिलं असेल तर प्रवेशाचे नियम खालच्याला बदलता येतात. तेवढ्यावर न थांबता त्याने 'ऑप्शन्स'ची ओळ घुसडली, तर वाचकाला पान न दिसता ५०० क्रमांकाची चूक दिसते आणि लॉगमध्ये 'नॉट अलाउड हिअर' अशी नोंद पडते. हा कडकपणा मला मनापासून आवडतो. अधिकाराबाहेरची ओळ गुपचूप गाळली असती, तर लिहिणारा ती लागू आहे असं समजून निर्धास्त राहिला असता.

या मोकळिकीला किंमत आहे. मुभा सगळीकडे दिली असेल तर प्रत्येक मागणीला सर्व्हर मुळापासून प्रत्येक पायरीवर ही फाइल शोधतो, ती नसली तरी शोधतो. म्हणून मुख्य फाइल हातात असेल तर हे टाळा, असं अपाचेचीच माहितीपुस्तिका सांगते. काहीच लिहिलं नाही तर पूर्वी 'ऑल' धरलं जाई, २.३.९ या आवृत्तीपासून 'नन' धरलं जातं. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरने तर ही भानगडच ठेवली नाही.

उदाहरणात महाड आलं ते उगाच नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. स्थानिक संस्थांना मात्र त्याने सल्लाच दिला होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. ओळ लिहिली गेली, अंमल शून्य. सर्व्हरला जे एका क्षणात जमतं ते माणसांना तीन वर्षांत जमलं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक तळ्याचं पाणी प्यायले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

कौन्सिलाने खाली दिलेली मुभा 'ऑल'च्या जातीची होती. ती उदार वाटते, पण तिच्यात उघडण्याइतकीच मिटण्याचीही सोय असते. खाली लेखणी कोणाच्या हाती आहे, यावर सगळं ठरतं. अखेर १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने तळं अस्पृश्यांना खुलं असल्याचा निकाल दिला. नगरपालिकेच्या ठरावाने फिरवता येईल असा तो निकाल नव्हता.

तेव्हा सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल, तर प्रवेशाचे नियम मुख्य फाइलीतच लिहा. खालच्याला मुभा द्यावीच लागली तर 'ऑल' न लिहिता लागेल तेवढाच शब्द लिहा, आणि त्या फोल्डरात कोण कोण लिहू शकतं, हे त्याआधी विचारून घ्या.