वाळवंट रिकामं आहे असं कोण म्हणतं?

आखातात राहत असाल तर हा बेत तुमच्याही ग्रुपवर कधीतरी फिरला असेल. कुवेतहून दीड तासाच्या आत विमानाने दोहा. तिथून गाडीने पश्चिमेला रिचर्ड सेराचं शिल्प, मग उत्तरेला अल झुबाराचे अवशेष, त्यांच्या जवळच ओलाफुर एलिआसनचे आरसे, आणि रात्री परत. बेत चांगला आहे, जरूर करा. माझी तक्रार आहे ती या सहलीला चिकटलेल्या एका शब्दाबद्दल: रिकामं. रिकाम्या वाळवंटातलं शिल्प, रिकाम्या किनाऱ्यावरचं गाव. हा शब्द सोबत घेऊन गेलात तर तिन्ही ठिकाणी निम्मंच दिसेल.

सेराचं ‘ईस्ट-वेस्ट/वेस्ट-ईस्ट’ २०१४ मध्ये झिक्रीतच्या भागात उभं राहिलं. चार उभ्या पोलादी प्लेट्स, प्रत्येक चौदा मीटरहून उंच, एक किलोमीटरहून जास्त अंतरात एका रेषेत. फोटोत दिसतं ते एवढंच: एक प्रचंड प्लेट, तिच्या पायाशी मुंगीएवढा माणूस, वर आकाश. पण शिल्पाची खरी गंमत चालल्याशिवाय कळत नाही. चारही प्लेट्सचे माथे एकाच पातळीत आहेत, पण त्यांची उंची मात्र सारखी नाही, कारण खालची जमीन चढते-उतरते. म्हणजे जी जमीन आपण गाडीतून ‘सपाट’ म्हणून मोकळे झालो होतो ती सपाट नाही, हे ते पोलाद मोजून दाखवतं. माझ्या मते हे उत्तम काम आहे. ते वाळवंटाला रिकामं म्हणत नाही. रिकामं म्हणतो तो आपला फोटो.

आता प्लेटच्या अगदी जवळ जा. गंजावर हातांचे ठसे आहेत, नावं आहेत, किल्लीने किंवा दगडाने ओढलेले ओरखडे आहेत. कतार म्युझियम्सने याबद्दल कारवाईही केली आहे. हे नुकसानच आहे, तुम्ही करू नका. आपल्याला हा प्रकार नवा नाही म्हणा. सह्याद्रीतल्या कुठल्याही किल्ल्यावर जा, बदाम आणि बाण कोरलेला चिरा सापडतोच. पण हे ओरखडे जरा लक्षात ठेवा, पुढे लागतील.

अल झुबाराला पोचलात की आधी दिसतो तो किल्ला. चार बुरूज, नीट राखलेल्या भिंती. मराठी माणसाचे पाय किल्ल्याकडे आपोआप वळतात, फोटो होतात, आणि बरेच जण तिथूनच परत फिरतात. पण हा किल्ला १९३८ चा आहे, म्हणजे मुंबईच्या इरॉस थिएटरच्या वयाचा. युनेस्कोने २०१३ मध्ये जागतिक वारसा ठरवलं ते मुख्यतः पलीकडच्या वाळूखालच्या गावामुळे. अठराव्या शतकात कुवेतहून आलेल्या व्यापाऱ्यांनी ते वसवलं. मोत्यांवर ते श्रीमंत झालं, १८११ मध्ये उद्ध्वस्त झालं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण ओस पडलं.

किल्ल्यावर गेल्यावर आपण पाण्याचं टाकं शोधतो ना? तीच सवय इथे वापरा. समुद्राकाठच्या या गावाचं गोडं पाणी आतल्या बाजूच्या विहिरींतून यायचं आणि त्या विहिरी राखायला मुरैर नावाची वेगळी गढी होती. घरांमध्ये मदबसा सापडतात: पन्हाळ्या काढलेली जमीन, तिच्यावर खजुराची पोती रचायची आणि गळणारा पाक गोळा करायचा. म्हणजे रोज पाणी वाहणारे, पोती रचणारे, समुद्रात बुड्या मारणारे लोक इथे दाटीने राहत होते. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात विकले जायचे. पाणबुडे मात्र बहुतेकदा नाखव्याच्या उचलीखाली दबलेले असायचे. कुवेतमध्ये तर १९६१ पर्यंत रुपयाच चालत होता. तेव्हा हा किनारा आपल्याला परका वाटत असेल, तर दोष वाळूचा नाही.

याच गावातल्या एका घराच्या गिलाव्यावर उत्खननात एक गलबत सापडलं, भिंतीवर ओरखडून काढलेलं. कोणी काढलं, माहीत नाही. खलाशी असेल, पोरगं असेल. आता सेराच्या प्लेटवरचे ओरखडे आठवा. एक वारसा, दुसरा गुन्हा. दोन्ही सारखेच, असं मला म्हणायचं नाही. पण ज्यांची नावं कुठल्याच फलकावर येत नाहीत, त्यांची खूण बहुधा अशीच उरते, म्हणून ती शोधावी लागते. शिल्पाबरोबर सेराचं नाव जगभर गेलं. त्या उन्हात प्लेट्स उभ्या करणाऱ्या मजुरांची नावं गेली नाहीत.

एलिआसनच्या २०२२ च्या कामात वीस गोल आरसे छपरासारखे उभे आहेत. खाली उभं राहून वर पाहिलं की वाळू आणि आपण उलटे दिसतो. कल्पना सोपी आहे, सेल्फीला फारच सोयीची आहे. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी: इथे बघणारा चित्राबाहेर राहू शकत नाही.

हे सगळं महबूलातून लिहिताना जास्त टोचतं. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या नावाने महबूला आणि जलीब अल शुयुख हे दोन भाग जुलैपर्यंत बंद होते, कारण इथे कामगार दाटीवाटीने राहतात. या दाटीची आठवण म्हणून उद्या काय उरेल? इमारती पडतील, नव्या होतील. कोणाच्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला खर्चाचा हिशेब कोणी जपून ठेवणार नाही. आणि दाटीत राहून आपणच सुट्टीच्या दिवशी ‘रिकामं’ बघायला जातो, हे जरा विचित्र नाही का?

म्हणून एक सुचवते: क्रम उलटा करा. सकाळी ऊन चढायच्या आत झुबारा, आणि किल्ल्याच्या आधी गाव. मग आरसे. सेरा सर्वांत शेवटी, उतरत्या उन्हात. झुबारात गिलाव्यावरचं गलबत आणि घरातल्या पन्हाळ्या वाचून आलेला माणूस त्या पोलादापुढे उभा राहिला की आकाशाआधी जमिनीकडे बघतो.