ध्वनींचे वेंचे

परशुरामपंततात्या गोडबोले यांनीं १८५४ सालीं 'नवनीत' प्रसिद्ध केलें. त्यांतील कविता जुन्या कवींच्या. तात्यांचें काम वेंचण्याचें. तथापि पुढच्या कित्येक पिढ्यांना वामनपंडित आणि मोरोपंत प्रथम भेटले ते त्या पुस्तकाच्या पानांत, आणि तात्यांनीं भेटविले त्या क्रमानें. मराठी टीकेचा इतिहास लिहिणारानें 'नवनीता'कडे नुसतें शालेय पुस्तक म्हणून पाहूं नये, असें मला फार दिवसांपासून वाटत आलें आहे. काय घ्यावें, काय सोडावें आणि कशापाठीमागून काय ठेवावें, हे तीन निर्णय ज्यानें केले त्यानें टीकाच केली. तिला निबंधाचें रूप दिलें नाहीं, इतकेंच.

हें आठवण्याचें कारण असें कीं, हल्लीं कवितेऐवजीं गाण्यांचे वेंचे करणारांचा एक नवा वर्ग आपल्यामध्यें निर्माण झाला आहे. घरच्या संगणकापुढें बसून कोणी पंधरावीस गाणीं निवडतो, तीं एकापुढें एक जोडतो, मधून मधून चार शब्द बोलतो, आणि तास-सव्वातासाचा तो सगळा ऐवज पॉडकास्टच्या रूपानें लोकांस ऐकावयास देतो. ('पॉडकास्ट' हा शब्दहि फार जुना नव्हे; बेन हॅमर्सली या इंग्रज पत्रकाराच्या फेब्रुवारी २००४ मधील एका लेखांत तो प्रथम आला.) अशा गुंफणीस इंग्रजींत 'मिक्सटेप' म्हणतात. त्यांत पैसा नाहीं आणि बहुधां नांवहि नाहीं. आमची विद्वान् मंडळी रिकामपणचा उद्योग म्हणून त्याची बोळवण करितात. उलट तो करणारे तरुण त्यास कला म्हणतात. माझें म्हणणें दोघांहून निराळें आहे. हा प्रकार टीकेचा आहे. म्हणून त्यास टीकाकाराचेच नियम लावले पाहिजेत. आणि ते लावले म्हणजे आज होत असलेल्या कामापैकीं बरेंचसें नापास होतें.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यांत वाढलेल्या माणसाला हा प्रकार अगदींच अपरिचित वाटूं नये. गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत उल्हासनगरच्या कॅम्पांतून कॅसेट भरून देणारे दुकानदार असत. आपण वहीच्या कागदावर गाण्यांची यादी न्यावी, साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घ्यावी, आणि आठ दिवसांनीं ती भरलेली परत आणावी, असा तो व्यवहार. निर्वासितांच्या छावणींतून १९४९ सालीं उभ्या राहिलेल्या त्या शहरांत कोणत्याहि वस्तूची हुबेहूब प्रत मिळते अशी ख्याति होतीच. गाण्याची मिळाली यांत नवल तें काय? माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नापूर्वीं आम्हीं अशी एक कॅसेट भरून घेतली होती. यादी करतांना घरांत जो खल झाला, तसा मी पुढें विद्यापीठाच्या परिसंवादांतहि क्वचितच ऐकला. वडिलांना बालगंधर्व हवे, आईला भावगीतें, बहिणीला चित्रपटांतलें सर्व कांहीं. नव्वद मिनिटांत इतक्यांना बसवावयाचें म्हणजे कोणाला तरी वगळणें आलें, आणि वगळावयाचें तर कारण देणें आलें. दुकानदारानें मात्र आमचा क्रम मोडून आपल्या सोईनें कॅसेट भरली, आणि पहिल्या बाजूच्या अखेरीस उरलेल्या दोन मिनिटांत यादींत नसलेलें एक गाणें अर्धवट कोंबलें. तें गाणें आज पुरें ऐकूं आलें तरी दोन मिनिटें झालीं कीं माझे कान तें तुटण्याची वाट पाहूं लागतात.

आतां त्या दुकानदाराची गरज राहिलेली नाहीं. बदलापुरांत राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अशा गुंफणीचे चार भाग केले, ते मीं नुकतेच लक्षपूर्वक ऐकले. (त्याचें नांव त्याच्याच इच्छेवरून देत नाहीं.) आजोबांच्या पेटींत निघालेल्या नाट्यसंगीताच्या तबकड्या हें त्याचें भांडवल, आणि रोज सकाळीं त्याच्याबरोबर लोकलनें मुंबईस जाणारी मंडळी हे त्याचे बहुतेक श्रोते. बदलापूरपासून छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचें अंतर सुमारें ६८ किलोमीटर. धीम्या गाडीनें दीड तास सहज मोडतो. तबकडीच्या एका बाजूस सव्वातीन मिनिटें धरलीं तर वीस बाजूंना पासष्ट मिनिटें होतात, म्हणजे बोलण्यास फारशी जागा नाहीं. ही अडचण मला वरदान वाटते. पण तें पुढें.

त्याचें साधन 'ऑडॅसिटी' नांवाचें सॉफ्टवेअर. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनीं तें १९९९ मध्यें करावयास घेतलें व मे २००० मध्यें लोकांच्या हातीं दिलें. तें फुकट मिळतें हें त्याचें गौण वैशिष्ट्य. मुख्य गोष्ट ही कीं त्याची मूळ संहिता उघडी आहे. कोणीहि ती वाचावी, तींत फेरफार करावा, आणि बदललेली प्रत त्याच अटीवर दुसऱ्यास द्यावी. आमच्याकडे पोथ्या जशा एका घरून दुसऱ्या घरीं उतरून नेल्या जात, तशांतलाच हा व्यवहार आहे. ऑडॅसिटी म्हणजे धाडस, किंवा थोड्या खोडसाळपणें म्हणावयाचें तर धृष्टता. एप्रिल २०२१ मध्यें ती म्यूझ ग्रुप या कंपनीकडे गेली, आणि वापरणाराची माहिती गोळा करण्यासंबंधींच्या नव्या धोरणावरून त्याच जुलैमध्यें मोठा गदारोळ झाला. तेव्हां कांहीं लोकांनीं तीच संहिता उचलून एक वेगळी शाखा काढली. तिचें नांव त्यांनीं 'टेनॅसिटी', म्हणजे चिकाटी, असें ठेविलें. धनी बदलला तरी पोथी ज्याच्या त्याच्या घरीं राहते, असा या परवान्याचा अर्थ.

या साधनानें स्वर डोळ्यांना दिसूं लागतो. पडद्यावर गाणें एका लांबट लाटेसारखें पसरतें. तें कापावें, सरकवावें, कोठें उचलावें, कोठें दाबावें. पण सोय आली कीं तिच्यामागून मोहहि येतो. जेथें लाट सपाट दिसते तेथें कांहीं नाहीं असें डोळा सांगतो आणि हात कात्री चालवितो. पहिल्या भागांत माझ्या या विद्यार्थ्याकडून तेंच झालें. एक पद संपतें न संपतें तोंच दुसरें त्याच्या अंगावर चढतें. पहिल्याचा आवाज उतरत असतांनाच दुसऱ्याचा चढत जातो. ही रीत नाचाच्या संगीतांतून आली आहे. तेथें लय हाच धागा असतो आणि तो तुटूं न देणें हेंच कौशल्य. आपल्या गाण्याचा पाया षड्ज. एक पद काळी एकच्या षड्जावर विसावत असतांना दुसरें काळी चारच्या षड्जावर उभें राहिलें, तर दोन्ही घरें एकदम कोसळतात. पहिला षड्ज कानांतून उतरण्यास तीनचार सेकंद लागतात. ते सेकंद रिकामे नव्हेत. तिसऱ्या भागांत त्यानें ते ठेविले आहेत. इतकेंच नव्हे, तर शेजारचीं पदें निवडतांना त्यांच्या पट्ट्याहि पाहिल्या आहेत. तेवढ्यानें त्या भागाला मैफलीची बैठक आली.

पट्ट्यांची गोष्ट निघाली म्हणून एक आडवाट घेतों. '७८ फेऱ्यांची' म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक जुनी तबकडी ७८ च्याच गतीनें मुद्रित झालेली असे असें नाहीं. समजा, ती ७४ फेऱ्यांनीं मुद्रित झाली आणि आपण ७८ नें वाजविली, तर गाणें सुमारें अर्ध्या स्वरानें वर चढतें आणि तितकेंच घाईनें धांवतें. मग श्रोता म्हणतो, "काय हो त्या काळच्या गवयांचे गळे पातळ!" दोष गळ्याचा नसतो. सुईचीहि अशीच कथा. त्या तबकड्यांच्या खांचा रुंद असतात. लाँग-प्लेच्या तबकडीसाठीं केलेली सुई त्यांच्या मानानें फारच बारीक असल्यामुळें ती खांचेच्या तळाशीं घासत जाते आणि खरखर दुणावते. सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वींच निम्मी टीका सुईपाशीं होऊन गेलेली असते.

दुसरा भाग मात्र मला मुळींच आवडला नाहीं, आणि त्याच भागाचें कौतुक अधिक झालें. त्यांत खरखर नाहीं. ती घालविण्याची युक्ति सोपी आहे: गाणें सुरू होण्यापूर्वींचा नुसत्या खरखरीचा तुकडा संगणकाला दाखवावयाचा, तो त्या खरखरीची, कंपनसंख्यांच्या पट्ट्यापट्ट्यांनीं, नोंद करून घेतो, आणि मग सबंध गाण्यांत ज्या पट्ट्यांतला आवाज त्या नोंदीच्या वर येत नाहीं तो दाबून टाकतो. बेतानें केलें तर ठीक. परंतु स्वर संपतां संपतां उरणारी आस, ऑर्गनचा मागें रेंगाळणारा सूर, तान घेण्यापूर्वीं ओढलेला श्वास, हेंहि सर्व क्षीणच असतें. संगणकाला त्यांतला भेद कळत नाहीं. तो सर्वांना एकाच पंक्तीला बसवून उठवितो, आणि त्यांच्या जागीं पाण्याखालीं घुंगरूं वाजावे तसा एक किणकिणाट मागें ठेवितो. १९०९ मध्यें राजवाड्यांनीं ज्ञानेश्वरीची संहिता छापली, तेव्हां जुनीं रूपें सुलभ करून गुळगुळीत केलेल्या पाठांविषयीं त्यांचें म्हणणें काय होतें तें अभ्यासकांस ठाऊक आहे. ज्या पिढीनें तो वाद वाचला तिच्या नातवंडांनीं बालगंधर्वांचा श्वास पुसावा, हें मला सोसत नाहीं.

याच भागांत कांहीं तबकड्यांच्या अखेरीस गायकानें स्वतःचें नांव सांगितलें आहे, तें कापलेलें आहे. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि गौहरजान हिचें गाणें मुद्रित झालें, त्या वेळेपासूनची ही चाल. तबकड्या घडविण्यास तेव्हां जर्मनींत हॅनोव्हर येथें जात. तेथल्या कारागिराला गाणारी कोण तें कळावें हा तिचा उपयोग. पण आज ऐकतांना त्या घाईघाईच्या उच्चारांत एका माणसाची सही ऐकूं येते. सही खोडण्याचा अधिकार वेंचणाराला कोणी दिला?

बोलण्याविषयीं थोडें. असल्या पॉडकास्टांतून 'हें माझें अत्यंत आवडतें गाणें' याच्यापलीकडे निवेदन जात नाहीं. आवड सांगणें म्हणजे टीका नव्हे. ती तर निवडींतच दिसली. तिसऱ्या भागांत हा विद्यार्थी 'मानापमान' नाटकाकडे वळतो, आणि दीड मिनिटांत इतकेंच सांगतो कीं नाटक १९११ चें, शब्द खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं त्याचा संयुक्त प्रयोग झाला, त्यांत बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. आणि पुढें तीन महिन्यांच्या आंतच केशवराव वारले. वेळ नाहीं म्हणून विशेषणें नाहींत. यानंतर जें पद लागतें तें आपण निराळ्या कानांनीं ऐकतों. 'तुम्हांस हेंहि आवडेल' म्हणून एकामागून एक गाणीं पुढें ढकलणाऱ्या यंत्रास हें साधणार नाहीं, कारण त्याला आपली आवड ठाऊक असते, केशवराव ठाऊक नसतात.

चौथ्या भागांत त्याला गीतरामायणांतलें कांहीं घ्यावयाचें होतें. तें त्यानें सोडलें, आणि योग्यच केलें. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षें चालतो. म्हणजे १९६० पर्यंतच्या तबकड्या त्या बंधनांतून सुटल्या. परंतु शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे. ते कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें राहतात. खाडिलकर १९४८ मध्यें वारले, टेंबे १९५५ मध्यें. त्यांचें धन आतां सर्वांचें आहे. माडगूळकर १९७७ मध्यें गेले, म्हणून त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत बांधलेले. सुधीर फडके २००२ मध्यें, म्हणून त्यांच्या चाली २०६२ पर्यंत. कॅसेट भरून देणाऱ्या दुकानदारानें हा हिशेब कधीं केला नाहीं, आणि यादी नेणाऱ्या आम्हींहि केला नाहीं. उघड्या संहितेच्या सॉफ्टवेअरवर काम करणारानें तो केला पाहिजे. ज्याला एका कर्त्याच्या स्वेच्छेनें दिलेल्या परवान्याचा लाभ होतो, त्यानें दुसऱ्या कर्त्याचा न दिलेला परवाना गृहीत धरणें शोभत नाहीं. कायद्यानें अशी एक भिंत घातल्यामुळें त्याचे वेंचे जुन्या नाट्यसंगीताकडे अधिक झुकले, आणि माझ्या मतें त्यामुळेंच त्यांना एकजिनसीपणा आला.

आवाजाच्या पातळीकडे त्यानें चांगलें लक्ष दिलें आहे. १९२५ पूर्वींचीं मुद्रणें कर्ण्यांत गाऊन झालेलीं, नंतरचीं विद्युत्-यंत्रानें; दोन्ही शेजारीं ठेविलीं तर पहिलें ऐकूं येत नाहीं आणि दुसरें कानठळ्या बसवितें. घरीं हें चालून जाईल. विठ्ठलवाडीपाशीं रुळांचा खडखडाट सुरू असतांना चालणार नाहीं. त्यानें सर्व पदें सारख्या पातळीवर आणून प्रत्येक भाग स्वतः गाडींत ऐकून पाहिला, आणि न पटलेला पुन्हां बांधला.

शेवट भैरवीनें करण्याची मैफलीची रीत चौथ्या भागांत पाळली आहे. सकाळीं आठाच्या गाडींत ऐकणाऱ्याला ती भैरवी आपल्या खऱ्या प्रहराजवळ भेटते, हा योग त्यानें मुद्दाम साधला कीं आपोआप साधला, हें मीं विचारलें नाहीं. संध्याकाळच्या परतीच्या गाडीसाठीं निराळा भाग करावा आणि त्याचा आरंभ मारव्यानें करावा, असें मात्र मीं सुचविलें आहे. मारव्याची धड वाजणारी तबकडी त्याला अद्याप मिळालेली नाहीं.